चौक लिहिताना गायचं ते

मोखाड्यात मी मराठी शिकवत होते, तेव्हा अलंकारांच्या धड्यात मुलं हमखास एका ठिकाणी अडायची. उपमा जमायची, यमक तर पाठच असायचं. अडायची ती चेतनागुणोक्तीला. निर्जीव वस्तूवर माणसाच्या गुणांचा आरोप करायचा, तर ती निर्जीव आहे हे आधी कबूल करावं लागतं. ज्या वारली घरात धान्य म्हणजे कणसरी देवी आणि मोरपिसांच्या जुडीत हिरवा देव, तिथल्या पोराने ते का कबूल करावं?

आपले अलंकार आले शास्त्रातून. भरताच्या नाट्यशास्त्रात ते चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढे पंडितांनी भर घालत घालत अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत आकडा शंभराच्या वर नेला. दोषांचीही यादी झाली आणि पुनरुक्ती त्यात जाऊन बसली. वारल्यांच्या लग्नातलं गाणं मात्र या दोषावरच उभं आहे.

हे लग्न लावते धवलेरी, म्हणजे गाणारी बाई. भिंत शेणाने आणि गेरूने सारवलेली असते; सवाशिणी तांदळाच्या पिठाने तिच्यावर लग्नचौक लिहितात. लिहितात असंच म्हणायचं, काढतात नाही. मधोमध पालघाट देवी. चौक लिहून होईस्तोवर आणि पुढेही धवलेरी गात राहते, बाकीच्या बाया तिची ओळ उचलून धरतात. ओळ तीच, फक्त एक शब्द बदलतो. आधी या देवाला बोलावलं, मग त्या देवाला, मग सोयऱ्याधायऱ्यांना. परक्याला कंटाळा येतो, आणि मला वाटतं तो यावाच. गाणं त्याच्यासाठी नसतंच. वर्गातल्या हजेरीसारखं हे आहे: एकही नाव गळता कामा नये, कारण गळलेला देव रुसतो. बाया ओळ परत म्हणतात तेवढ्यात धवलेरीला पुढचं नाव आठवायला उसंत मिळते. पुस्तक नाही, वही नाही. पुनरुक्ती हीच वही.

तसंच 'गो', 'बाय', 'रं' यांचं. परीक्षकाच्या भाषेत हे भरतीचे शब्द, पण त्यांच्यामुळेच दोन अक्षरांचा देव आणि पाच अक्षरांचा पाडा एकाच चालीत बसतो. नाव लहान असेल तर 'गो' लांबतो, नाव मोठं असेल तर तो गिळला जातो. हे मोजमाप कानाने होतं, बोटांवर नाही.

कामात आणि लग्नात बायांनी गायची ही रीत मराठीत फार जुनी आहे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीला रिद्धपूरला महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला, तेव्हा महदंबेने रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहावर धवळे गायले. मराठीतली आद्य कवयित्री ती हीच. प्रसंग आधी उभा राहिला, काव्य त्याच्यासाठी आलं. महानुभावांनी ते उतरवून जपलं म्हणून ते आज एम.ए.ला लागतं. जव्हार-मोखाड्याच्या धवलेरीला लेखनिक मिळाला नाही. के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं पुस्तक १९४५ चं, तेही इंग्रजीत; मराठीत कविता महाजनांनी लोकगीतं गोळा केली ती पुष्कळ नंतर.

१९४५ हेच वारल्यांच्या उठावाचंही साल. तेव्हा लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढणारा गडी त्याचा 'लग्नगडी' होऊन राबायचा, पुष्कळदा बायकोसकट. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ही वेठ वाचताना मला सारखं वाटायचं, एवढी किंमत मोजून लावलेल्या लग्नात एकही नाव गळू नये ही काळजी किती मोठी असेल!

सत्तरच्या दशकात भिंतीवरचा चौक कागदावर आला. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांचा हात जगाने पाहिला, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जे बायांचं काम होतं त्यात पुरुषांचं नाव झालं, हे जाता जाता नोंदवते. चित्र गुंडाळून दिल्लीला नेता येतं. गाण्याचं तसं नाही. एका म्हाताऱ्या धवलेरीला मी भरदुपारी विनवलं, "आजी, थोडं म्हणा ना." ती नागली पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "मांडव नाय, चौक नाय. मंग देव बोलवून बसवू कुठं, बाई?"

पैशाअभावी लग्न न लावता संसार थाटलेली जोडपी या भागात पुष्कळ. कडेवर पोर घेऊन ती सामूहिक विवाहात बोहल्यावर चढतात. कर्ज टळतं, आणि ते टळायलाच हवं. पण तिथे लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं लागतात. त्यांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीला एकोणीस अक्षरं, लघुगुरूची जागा ठरलेली. आमच्याकडचे हौशी काका त्यात नवरा-नवरीची नावं ओढूनताणून कोंबतात, ते एका जोडीपुरतं निभतं. शंभर जोड्यांची नावं आणि त्यांचे पाडे त्या एकोणीस अक्षरांत कुठून मावणार? काही घरांनी यावर तोड काढली आहे: आदल्या रात्री घरी चौक लिहायचा, धवलेरीला बोलवायचं, सगळी नावं घ्यायची, आणि सकाळी टेम्पोत बसून मैदानावर जायचं.