ट्रॅकवर बाईक न्यायची आहे? आधी टायर बघा : कोणता घ्यावा, हवा किती ठेवावी, कधी जाऊ नये

पनवेल : तालुक्यातल्या बहुतेक गावांत आता दीडशे-दोनशे सीसीच्या गाड्या आल्या आहेत. आर१५, एनएस२००, अपाचे, केटीएम. या गाड्या पळवायची हौस पोरांना असते आणि ती बऱ्याचदा जुन्या हायवेवर नाहीतर कर्नाळ्याच्या वळणांवर भागवली जाते. हे जिवावर बेतणारं आहे, शिवाय गुन्हाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हौस भागवायची योग्य जागा म्हणजे ट्रॅक. चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हे देशातले जुने ट्रॅक. बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपीची शर्यत झाली होती. आपल्याला जवळ म्हणजे मावळ तालुक्यातला नानोली स्पीडवे. पैसे भरून, बंद ट्रॅकवर, स्वतःची गाडी चालवायला मिळते त्याला 'ट्रॅक डे' म्हणतात. तिथे नंबर काढायचा नसतो, शिकायचं असतं. पण त्याआधी टायरचा विचार करावा लागतो.

गोटा टायर म्हणजे स्लिक नव्हे

रेसच्या गाडीला नक्षी नसलेला टायर असतो, मग माझा गोटा झालेला टायर कोरड्या ट्रॅकवर चालेल, असा अनेकांचा समज आहे. हा समज चुकीचा आणि धोक्याचा आहे.

रेसचा स्लिक टायर मुळातच बिननक्षीचा बनवतात. त्याचं रबर मऊ असतं आणि तापल्यावर ते रस्त्याला चिकटतं. नक्षी नसल्यामुळे रबराचा जास्त भाग जमिनीला टेकतो. झिजलेल्या टायरचं तसं नसतं. वरचं रबर गेलेलं असतं, उरलेलं उन्हातान्हात कडक झालेलं असतं आणि आतली जाळी जवळ आलेली असते. दिसायला दोन्ही सारखे, पण एक पकडतो आणि दुसरा घसरतो, फुटूही शकतो.

मग कोणता घ्यावा?

*रोजचा टायर :* गाडीसोबत आलेला टायर चांगल्या स्थितीत असेल तर पहिल्या एक-दोन ट्रॅक डेला तोच पुरतो. नवशिक्याने टायरवर खर्च करण्याआधी चालवायला शिकावं.

*स्पोर्ट रेडियल :* घरून गाडी चालवत जाणाऱ्याला आणि त्याच टायरवर परत येणाऱ्याला हाच योग्य. कडेचं रबर मऊ असल्याने वाकल्यावर पकड मिळते. पावसाचं पाणी काढायला नक्षीही असते. काही टायर मध्ये कडक आणि कडेला मऊ असे दुहेरी रबराचे येतात, ते हायवेवर जास्त टिकतात.

*स्लिक :* गाडी टेम्पोत घालून नेणाऱ्यांसाठी. हा टायर आधी वॉर्मरने तापवावा लागतो. थंड असताना त्याला पकड नसते. रस्त्यावर तो वापरायचा नाही. खंडाळ्यात सर आली तर तो पाणी कापूच शकत नाही.

पुढचा आणि मागचा टायर एकाच जातीचा घ्यावा. आपल्याकडे मागचा झिजला की तेवढाच बदलतात. पण जोरात ब्रेक लावल्यावर सगळा भार पुढच्या टायरवर येतो, हे विसरू नये. रिमोल्ड टायर ट्रॅकवर अजिबात नको.

टायरवरचे आकडे असे वाचा

समजा १४०/७० आर १७ ६६ एच असं लिहिलंय. १४० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के. आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे इंचात रिम. ६६ म्हणजे ३०० किलोपर्यंत भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत वेग. वेगाचं अक्षर पी असेल तर मर्यादा १५० ची.

एका लांबट गोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. दुकानदाराने 'नवीन' म्हटलं तरी हे आकडे स्वतः बघा. टायर दुकानात पडून राहिला तरी त्याचं वय वाढतंच.

रुंद टायरचा मोह

गाडी दमदार दिसावी म्हणून मोठा टायर बसवायची फॅशन आहे. रिम तीच आणि टायर रुंद, असं केलं की टायरचा गोलावा बदलतो, गाडी वाकायला जड होते आणि कडेचं रबर नीट टेकत नाही. कंपनीने दिलेलीच साइज ठेवा.

हवा किती?

टायर तापला की आतली हवा फुगते. दर १० अंशांना दाब साधारण एक ते दीड पीएसआयने वाढतो. म्हणून ट्रॅकवर बरेच जण रस्त्यापेक्षा दोन-चार पीएसआय कमी हवा ठेवतात. नेमका आकडा टायर कंपनीच्या किंवा ट्रॅकवरच्या प्रशिक्षकाच्या सल्ल्याने ठरवा. स्वतःचा गेज जवळ ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर मोजा. मात्र टायर गार झाल्यावर, घरी निघण्याआधी हवा पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणायला विसरू नका.

निघण्याआधी तपासा

- नक्षीच्या खाचेतली टीडब्ल्यूआयची पट्टी टायरच्या बरोबरीला आली असेल तर टायर बदला.
- सायन-पनवेल हायवेवर रोज सरळ चालून टायर मधोमध चपटा झाला असेल तर तो वळणात दगा देतो.
- कडेला चिरा, फुगवटा किंवा पंक्चरची दोरी असेल तर ट्रॅकवर जाऊ नका.
- नवा टायर असेल तर आधी शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश चालवा. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो.
- पहिल्या दोन फेऱ्या हळू मारा, टायर तापू द्या.

दोन गोष्टी घरच्यांसाठी

गाडीच्या साध्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी धरलेली नसते. ट्रॅकवर पडल्यास नुकसान स्वतःच्या खिशातून जाऊ शकतं, हे पोराला आधीच सांगा.

दुसरं म्हणजे परतीचा रस्ता. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे खंडाळा, खोपोली करत जुन्या रस्त्यानेच यावं लागतं. अंग थकलेलं, टायर झिजलेला आणि डोक्यात अजून ट्रॅकचा वेग. तासभर बसा, पाणी प्या, टायरवरून हात फिरवा आणि मगच घाट उतरा.