हार्ड डिस्कचे कुलूप आणि मोहोर

भोपाळच्या मध्य प्रदेश व्यावसायिक परीक्षा मंडळातील, म्हणजेच ‘व्यापमं’मधील, प्रवेश व भरती परीक्षांचा घोटाळा २०१३ मध्ये उघडकीस आला. तपासात जप्त झालेली एक हार्ड डिस्क पुढे वादाचे केंद्र ठरली. तिच्यातील एक्सेल तक्त्याच्या नोंदी बदलण्यात आल्याचा आरोप काँग्रेस नेत्यांनी केला. सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१५ रोजी तपास सीबीआयकडे सोपवला. न्यायवैद्यक तपासणीच्या आधारे डिस्कमध्ये फेरफार आढळला नसल्याचे सीबीआयने २०१७ मध्ये सांगितले. संगणकीय माहितीच्या सुरक्षिततेला गोपनीयता आणि अखंडता अशी दोन अंगे आहेत, हे या वादातून ध्यानात येते.

गोपनीयतेसाठी संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन केले जाते. त्यात डिस्कवरील सर्व माहिती सांकेतिक रूपात साठवली जाते आणि योग्य किल्लीविना ती वाचता येत नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट, तर लिनक्समध्ये लक्स ही सोय पुरवतात. त्यांत प्रामुख्याने वापरली जाणारी एईएस पद्धत अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाणित केली. बंद लॅपटॉप चोरीस गेला आणि त्यातील डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली, तरी चोराच्या हाती निरर्थक अक्षरेच लागतात.

या संरक्षणाला मर्यादा आहेत. संगणक सुरू असताना किल्ली त्याच्या स्मृतीत असते. तेव्हा शिरलेला व्हायरस किंवा अधिकृत वापरकर्ता माहिती वाचू आणि बदलू शकतो. परवलीचा शब्द व पुनर्प्राप्ती किल्ली दोन्ही हरवल्यास खुद्द मालकालाही माहिती परत मिळत नाही. म्हणून पुनर्प्राप्ती किल्ली संगणकाबाहेर जपावी आणि माहितीची स्वतंत्र प्रतही ठेवावी.

अखंडता पडताळण्यासाठी ‘हॅश’ वापरतात. संपूर्ण डिस्कवरून गणिताने काढलेली ही ठरावीक लांबीची संख्या एक अक्षर बदलले तरी पार बदलते. जप्तीच्या वेळीच ती नोंदवली, तर नंतरचा फेरफार उघड होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅशची नोंद करावी लागते.

एन्क्रिप्शन हे कुलूप, तर हॅश ही मोहोर. ज्याच्याकडे किल्ली आहे, त्याने केलेला बदल कुलूप रोखू शकत नाही. तो दाखवून देण्याचे काम मोहोरेचे.