बोरन्हाणाचं वाढप

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी, साधारण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, औक्षण करायचं आणि चुरमुरे-बोरांचं माप डोक्यावरून ओतायचं. हे बोरन्हाण फार प्राचीन असल्याचं दर जानेवारीत ऐकू येतं. चॉकलेट-गोळ्यांनी त्याची पार रया घालवली, ही तक्रारही त्याच्या पाठोपाठ येतेच. मापातल्या जिनसा एकेक करून तपासल्या तर यातलं एकही विधान धड टिकत नाही. बोरन्हाणात जुनं काही असेल तर ती खाऊ वाढण्याची रीत आहे. खाऊ स्वतः सतत बदलत आलेला आहे.

बोरांचं वय निर्विवाद मोठं. घोड नदीकाठच्या इनामगावात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या उत्खननात बोराच्या बियाही सापडल्या आहेत. ऊस आणि हरभराही इथले जुनेच रहिवासी. पण त्याच मापातली भुईमुगाची शेंग मूळची दक्षिण अमेरिकेची. सोळाव्या शतकाआधी ती कुणाच्या डोक्यावरून ओघळणं शक्यच नव्हतं. हलवा आणि बत्तासे तर सगळे साखरेच्या जिवावर. परात मंद आचेवर ठेवून तीळ किंवा खसखस सतत हलवत राहायची, त्यावर पाक चमचा-चमचा सोडायचा, आणि काटा उठेपर्यंत हेच दोन-तीन दिवस चालवायचं. साखर आपल्याकडे जुनी असली तरी ती दागिने घडवण्याइतकी घरोघरी परवडणं वेगळं. 1932 साली साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण मिळालं आणि देशभर कारखाने वाढले. 1950 साली लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. विलेपार्ल्यात 1929 साली निघालेल्या पार्लेच्या कारखान्यात आधी गोळ्याच होत होत्या. म्हणजे चॉकलेट ही या रांगेतली सर्वांत नवी जिन्नस, इतकंच. शेंगांना मुभा आणि चॉकलेटला मज्जाव, याला इतिहासाचा आधार मिळणार नाही. दातांचा मिळेल, पण मग बत्तासेही त्याच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात.

मग या जिनसा एकत्र आल्या कुठून? सोळा संस्कारांत जातकर्म आहे, अन्नप्राशन आहे, चौल आहे, बोरन्हाण नाही. त्याला भटजी लागत नाही, मंत्र नाहीत, घरातल्या आणि शेजारच्या बायकाच ते पार पाडतात. संक्रांतीच्या सुगडात काय भरतात ते पाहिलं तर उत्तराची दिशा दिसते : उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, गाजराचे तुकडे, गव्हाच्या लोंब्या. यातली लोंबी आणि गाजर वगळून चुरमुरे वाढवले की बोरन्हाणाचं माप तयार. सवाष्णींनी एकमेकींना द्यायचं वाणच मुलांच्या हाताला येईल असं सुटं करून टाकलं, असं माझं अनुमान आहे. ‘ऋतुबदल बाधू नये म्हणून पूर्वजांनी योजलेला आहार’ हे स्पष्टीकरण मला मागाहून चिकटवलेलं वाटतं. पौष-माघात शेतात आणि बाजारात जे मुबलक असतं तेच मापात आलं, एवढ्यावर भागतं. शिवाय आरोग्यासाठीच द्यायचं, तर हातात दिलं असतं. डोक्यावर कशाला ओतलं असतं?

ओतण्यातच सगळी गंमत आहे. वाढदिवसाच्या पार्टीत केकचा तुकडा, वेफर्स आणि सामोसा कागदी बशीत मोजून येतो. किती खायचं ते मोठी माणसं ठरवतात आणि निम्मं उष्टं राहतं. बोरन्हाणात बशी नाही, पंगत नाही, ‘पानात टाकायचं नाही’ची तंबी नाही. कोरडं, थंड, न चिकटणारं, मुठीत मावणारं, बसून किंवा पळत खाता येणारं असंच सगळं निवडलेलं. चुरमुरे हलके, स्वस्त आणि भरपूर, म्हणून माप त्यांनीच भरायचं. बोरं आणि करवे बेतानं, कारण ते टाळूवर लागतात. जमलेली मुलं झडप घालून आपापला वाटा आपणच ठरवतात. अन्नाची नासाडी होते हा आक्षेप जिथे उघड्या अंगणात ओततात तिथे खरा; खाली धुतलेली चादर अंथरली की तो बराचसा मिटतो. धाकटी मुलं मागे राहतात आणि थोराड मुलं ओंजळी भरतात, हे मात्र कबूल करायला हवं. म्हणूनच जाणत्या बायका थोडा खाऊ वेगळा काढून ठेवतात आणि शेवटी रिकाम्या हातांत देतात.

एक आक्षेप मात्र खोडता येत नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या घशात अख्खा शेंगदाणा किंवा बोराची बी अडकू शकते, आणि हा समारंभ नेमका त्याच वयाचा. पूर्वी उचलणारी बहुतेक मुलं मोठी असत आणि उत्सवमूर्ती आईच्या मांडीवर. आज एका वयाचीच दहा-बारा मुलं बोलावतात, त्यामुळे धोका वाढला आहे. तेव्हा लहानग्यांच्या बोरन्हाणात शेंगा, अख्खी बोरं आणि कडक गोळ्या गाळून चुरमुरे, राजगिऱ्याच्या लाह्या आणि बोटात चुरडतील असे बत्तासे ठेवावेत. बोरं मोठ्यांच्या ताटलीत जावीत. त्यासाठी नाव बदलायची गरज नाही.