माळवद ते कॉम्प्रेसर : सातारा-सांगलीच्या घरांतील गारव्याचा इतिहास

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत घर थंड ठेवण्याच्या पद्धती कशा बदलल्या याचा विचार पावसापासून सुरू करावा लागतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो, आणि सांगलीकडील जत-आटपाडीची स्थितीही माणसारखीच आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, मात्र ही क्रिया कोरड्या हवेत जोमाने होते आणि दमट हवेत मंदावते. त्यामुळे दारा-खिडक्यांना ओल्या वाळ्याचे पडदे लावणे किंवा सच्छिद्र मातीच्या रांजणात पाणी गार करणे हे उपाय चैत्र-वैशाखात पूर्व भागात उत्तम साधतात, तर पावसाळी घाटमाथ्यावर त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही.

तथापि ज्या भागात बाष्पीभवन सर्वांत प्रभावी ठरते त्याच भागात पाणी दुर्मिळ होते, म्हणून तेथील घराने मातीचा आधार घेतला. माळवद म्हणजे लाकडी तुळया व सरांवर काटक्यांचा किंवा फळ्यांचा थर अंथरून त्यावर पांढरी माती चोपून केलेले सपाट छत होय. त्याखाली दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, मोजके झरोके, पुढे सोपा आणि आत काळोखे माजघर अशी घराची रचना असे. जाड माती उष्णता अडवते त्याहून अधिक ती तिला उशीर लावते, म्हणजे दुपारचे ऊन आतल्या बाजूस जाणवेपर्यंत बाहेर सांज झालेली असते. तोवर घरातील माणसे माळवदावर अंथरूण टाकण्याच्या तयारीला लागलेली असत. दिवसा माजघर आणि रात्री माळवद असा एकाच वास्तूचा दुहेरी वापर करणारी ही योजना अत्यंत बुद्धिमान होती, आणि तिला केवळ गरिबीचे घर मानणे हा तिच्यावर अन्याय आहे.

सधन घरांनी याच तत्त्वाला चौकाची जोड दिली. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या वाड्यात अनेक चौक आहेत; रात्री थंड होऊन जड झालेली हवा अशा उघड्या चौकात उतरते आणि सकाळी बराच वेळ भोवतालच्या खोल्यांना पुरते. या परंपरेतील सर्वांत धाडसी वास्तू मात्र साताऱ्याच्या उत्तरेस लिंब गावी आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या परिवारातील वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधवलेली बारा मोटांची विहीर अष्टकोनी असून सुमारे ११० फूट खोल आहे, आणि तिच्या मुख्य भागाला पायऱ्यांच्या भागाशी जोडणाऱ्या बांधकामातच बैठकीचा महाल घडवलेला आहे. जमिनीच्या पोटातील तापमान ऋतुमानाप्रमाणे फारसे हलत नाही, ते वर्षाच्या सरासरीजवळ स्थिर राहते. त्यात खालच्या पाण्याची व दगडी कमानींची भर पडल्याने हा महाल भर उन्हाळ्यातही सुखद राहतो. एरवी शेतीच्या पाण्यासाठी मोटा चालवणाऱ्या विहिरीला राहण्याच्या गारव्याचे दालन जोडावे, ही कल्पना आजच्या वास्तुरचनाकारांनीही अभ्यासावी अशी आहे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी खोदलेली पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, जमिनीच्या याच स्थिर स्वभावावर विसंबून होती.

इंग्रजांनी वेगळा मार्ग धरला. घर थंड करण्याऐवजी त्यांनी माणसे थंड जागी हलवली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने १८२९ मध्ये सातारचे राजे प्रतापसिंह यांच्याकडून खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वर घेण्यात आले, आणि सुमारे १,३७० मीटर उंचीवरचे ते ठिकाण मुंबई सरकारचे उन्हाळी मुक्कामाचे ठाणे बनले. हा गारवा पुढे पाचगणीपर्यंत पसरला, पण तो सुट्टी आणि पैसा असणाऱ्यांनाच लाभला.

खरा पालट घडला तो कोयनेमुळे. पाटण तालुक्यातील धरणाच्या पाण्यावर १९६०च्या दशकाच्या आरंभी वीजनिर्मिती सुरू झाली. तिचा मोठा वाटा मुंबई-पुण्याच्या उद्योगांकडे गेला, तरी विजेचे जाळे पसरत गेले तसा छताचा पंखा हळूहळू गावोगावच्या सोप्यात पोहोचला. त्याच दशकात, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनानगर परिसरात भूकंप झाला, ज्याचा संबंध अनेक भूशास्त्रज्ञ जलाशयात साठलेल्या पाण्याशी जोडतात. त्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि मातीत बांधलेल्या दगडी भिंती मोठ्या प्रमाणावर ढासळल्या. १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपात माळवदाच्या जड छतांखाली हजारो माणसे गाडली गेल्यावर अशा घरांवरचा उरलासुरला विश्वासही उडाला. ज्या वजनामुळे घर थंड राहत होते तेच वजन जीवघेणे ठरले, त्यामुळे लोकांनी विटा, पत्रे आणि सिमेंटचा स्लॅब पसंत केला यात त्यांची चूक काढता येत नाही. मात्र चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभराची उष्णता संध्याकाळी थेट खोलीत सोडतो, आणि पंखा तीच तापलेली हवा फिरवत राहतो.

घरगुती वातानुकूलन येथे आले ते या स्लॅबच्या पाठोपाठ. त्याचे मुख्य अंग असलेला कॉम्प्रेसर, म्हणजे शीतकारक वायू दाबून खोलीतील उष्णता बाहेर टाकण्याजोगी करणारा पंप, या भागाला परका नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीत रोवलेल्या उद्योगाच्या विस्तारातून कराड परिसरात त्याचे कारखाने उभे राहिले, आणि तासगाव-सांगलीच्या शीतगृहांत बेदाणा टिकवण्याचे कामही हेच तंत्र करते. यंत्राची क्षमता ज्या टनात मोजतात तो टन बर्फाच्या व्यापारातून आला आहे : अमेरिकी मापाचा एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढी काढण्याची शक्ती, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. वीज किती लागेल हे सांगणारे तारांकन एसींवर २०१० पासून सक्तीचे झाले, आणि १ जानेवारी २०२० पासून ही यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली येतात.

आज सांगलीत ग्राहक दुकानात खोलीचे चौरस फूट सांगतो, आणि छताची गोष्ट बहुधा राहूनच जाते. वास्तविक एकाच इमारतीत मधल्या मजल्यावरील खोलीला जेथे एक टन पुरतो तेथे गच्चीखालच्या तेवढ्याच खोलीला दीड टन लागू शकतो. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिला किंवा उष्णतारोधक थर टाकला तर ही गरज कमी होते. म्हसवड-दहिवडीच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर चालणारा कूलर अल्प विजेत काम भागवतो, पण रोहिणीच्या सरींनंतर तो केवळ ओलावा वाढवतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या घरांना तर पावसाळ्याचे चार महिने गारव्यापेक्षा हवेतील ओल काढणाऱ्या यंत्राची गरज अधिक असते.