सप्तांगांच्या कसोटीवर मुक्त दादरा-नगरहवेली

आपण होऊन राज्य जाहीर करणारे पुरुष सर्व देशांत झालेले आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रांत युद्धकाळीं उभारलेल्या एका बुरुजावर रॉय बेट्स नामक गृहस्थानें इ. स. १९६७ मध्यें ‘सीलंड’ राज्य स्थापिलें. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील लिओनार्ड कॅस्ली या शेतकऱ्यानें गव्हाच्या विक्रीवरील सरकारी मर्यादेस विटून १९७० मध्यें आपली शेतजमीन ‘हट रिव्हर’ या नांवानें स्वतंत्र ठरविली. तें संस्थान २०२० मध्यें विसर्जित झालें. अशा राज्यांची थट्टा करणें सोपें आहे. परंतु कोणत्याहि सत्तेनें रीतसर न मानलेलें, तथापि सात वर्षें प्रत्यक्ष चाललेलें एक राज्य आपल्या शेजारींच होऊन गेलें, आणि त्याच्या पूर्वेतिहासांत मराठ्यांच्या दोन सनदा आहेत. तें राज्य म्हणजे मुक्त दादरा-नगरहवेली. कौटिल्यानें राज्याचीं जीं सात अंगें मानलीं आहेत, त्यांच्या कसोटीवर तें घासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम पूर्ववृत्त. कुंडलिकेच्या मुखावरील रेवदंडा १७४० मध्यें मराठ्यांकडे आलें, आणि पेण-रोह्याच्या बाजूची फिरंगी अंमलाची कथा तेथें संपली. उत्तरेस दमणच्या पाठीमागें मात्र उलट घडलें. मराठी आरमाराकडून १७७२ मध्यें ‘सांताना’ या पोर्तुगीज लढाऊ जहाजाचें नुकसान झालें होतें. त्याच्या भरपाईदाखल, १७७९ च्या पुणें येथील तहान्वयें, वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाचीं गांवें पोर्तुगीजांस देण्याचें ठरलें. पुढें १७८३ व १७८५ च्या सनदांनीं नगरहवेली व दादरा त्यांजकडे गेलीं.

हा अंमल १९५४ मध्यें उठला. २१ जुलैच्या रात्रीं फ्रान्सिस मास्करेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या लोकांनीं दादरा घेतलें. त्या झटापटींत पोलीस अधिकारी अनिसेतो द रोझारियो मारला गेला. त्यानंतर नरोली पडली, आणि २ ऑगस्ट रोजीं आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक सिल्वासांत शिरले. संगीतकार सुधीर फडके व पुढें शिवशाहीर म्हणून ख्यात झालेले बाबासाहेब पुरंदरे हेहि या लढ्यांत होते.

आतां सप्तांगांचा विचार. जनपद होतें: सुमारें ४९१ चौरस किलोमीटर मुलूख, सत्तरांवर गांवें, आणि वारली, कोकणा, धोडिया आदि आदिवासींची बहुसंख्य वस्ती. स्वामी असा एक पुरुष नव्हता. ‘वरिष्ठ पंचायत’ हीच सत्ता मानली गेली. अमात्यांच्या स्थानीं प्रशासक होते. त्यांपैकीं पहिले अप्पासाहेब करमळकर. कोशाचीहि सोय झाली: शिलकी पोर्तुगीज टपालतिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ या अर्थाचीं इंग्रजी अक्षरें छापून तीं चालविलीं, व मुद्रांकहि काढले. दुर्ग व दंड यांचें काम मुख्यतः एका नकारानें केलें. हा मुलूख चोहोंकडून भारतानें वेढलेला, आणि त्यांतून पोर्तुगीज फौजेस जाऊं देण्यास भारतानें नकार दिला. म्हणजे मित्रहि होता. परंतु त्या मित्रानेंहि १९६१ पर्यंत हा मुलूख आपल्या राज्यांत विलीन करून घेतला नाहीं.

त्या नकाराविरुद्ध पोर्तुगालनें डिसेंबर १९५५ मध्यें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत फिर्याद लाविली. तेथें मराठी कागदांचा कीस निघाला. सनदांनीं सार्वभौमत्व दिलें कीं केवळ वसुलाचा हक्क, हा वाद होता. १२ एप्रिल १९६० च्या निवाड्यांत न्यायालयानें म्हटलें, मराठ्यांनीं दिला तो जहागीर वा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. मात्र पुढें इंग्रजांनीं व त्यांच्या मागून भारतानें तेथील पोर्तुगीज सत्ता व्यवहारांत मानली, असेंहि ठरलें. खाजगी माणसें, मुलकी अधिकारी व माल यांस वाटेचा हक्क होता; सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रें यांस नव्हता; आणि भारतानें कर्तव्यभंग केला नाहीं, असा निर्णय झाला. दोनशें वर्षांमागील दफ्तरांतील एका शब्दाचा अर्थ राज्याच्या हक्कास किती शिवतो, याचें याहून बोलकें उदाहरण संशोधकास क्वचितच मिळेल.

जून १९६१ मध्यें वरिष्ठ पंचायतीनें विलीनीकरणाचा ठराव केला. करारावर सही करण्यास राज्यप्रमुख हवा, म्हणून भारतीय प्रशासन सेवेंतील के. जी. बदलानी यांस एका दिवसापुरतें पंतप्रधान केलें. त्यांनीं जवाहरलाल नेहरूंबरोबर करार केला, आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून दहाव्या घटनादुरुस्तीनें तो मुलूख भारताचा झाला.

बेट्स व कॅस्ली यांनीं राज्यें स्थापिलीं तीं भोगण्यासाठीं. हें राज्य स्थापिलें गेलें तें सोडून देण्यासाठीं. त्यामुळेंच स्वामीवांचून त्याचें अडलें नाहीं. परंतु जनपदावांचून कोणतेंच राज्य उभें राहत नाहीं, आणि मुक्तिसंग्रामाच्या आठवणी बहुतांशीं पुणें, मुंबई व गोवें येथून आलेल्या वीरांच्या आहेत. त्या सात वर्षांत वारली-कोकण्यांच्या पाड्यांवर सत्तापालट कसा अनुभवला गेला, हें तेथील वृद्धांच्या तोंडून टिपून ठेवण्यास आतां फार थोडा अवधि उरला आहे. सनदांचा अर्थ न्यायालयानें लाविला; जनपदाची साक्ष घेण्याचें काम मात्र आपलें आहे.