बदनामीचा दावा फेटाळला, आता पुढे काय?

मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी खोटा आरोप टाकतो, मुलीच्या रिश्त्यावर त्याचा परिणाम होतो. इज्जतीचा सवाल म्हणून माणूस कोर्टात जातो आणि कोर्ट दावा फेटाळतं. बरेच जण इथेच गप्प बसतात. पण कायद्यात पुढचा रस्ता आहे, फक्त दिवस मोजावे लागतात.

दावा कशामुळे फेटाळला?

१) वादपत्रच नाकारलं (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ७ नियम ११) : उदाहरणार्थ, दावा मुदतीबाहेर होता. बदनामीच्या दाव्याला एकच वर्ष मिळतं. या निर्णयाविरुद्ध अपील होतं. दोष सुधारून नवा दावाही करता येतो. पण वर्ष उलटलं असेल तर तो टिकत नाही, मग अपीलच करावं लागतं.

२) तारखेला वादी हजर नव्हता : इथे थेट अपील नाही. त्याच कोर्टात ३० दिवसांत सबळ कारण देऊन दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करायचा. तो नाकारला तर त्याविरुद्ध अपील करता येतं.

३) पुरावे पाहून फेटाळला : कलम ९६ प्रमाणे पहिलं अपील.

मुदत किती?

जिल्हा न्यायालयात ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस. कुठे जायचं ते दाव्याच्या रकमेवर आणि निकाल कुठल्या कोर्टाचा आहे यावर ठरतं. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज लगेच करावा. उशीर झालाच, तर विलंब माफीचा अर्ज देता येतो, पण कारण पटलं पाहिजे.

अपिलात काय मांडायचं?

"माझ्यावर अन्याय झाला" एवढं पुरत नाही. खालच्या कोर्टाने कोणता पुरावा पाहिला नाही, कायदा कुठे चुकीचा लावला, ते मुद्देवार लिहावं लागतं. नवा पुरावा सहसा घेत नाहीत. आरोप खरा ठरला असेल, तर अपील करून खर्चच वाढतो.

फौजदारी तक्रार असेल तर?

१ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. मॅजिस्ट्रेटने सुरुवातीलाच तक्रार फेटाळली, तर ९० दिवसांत सेशन्स कोर्टात पुनरीक्षण अर्ज करता येतो. खटला चालून आरोपी सुटला, तर ६० दिवसांत हायकोर्टाकडे अपिलाची विशेष परवानगी मागता येते.

समाजाची बदनामी झाली तर?

१९७२ च्या नरसिंहन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की ज्या गटाची बदनामी झाली तो निश्चित आणि ओळखता येणारा हवा. "सगळ्या कौमची बदनामी" एवढ्यावरच दावा फेटाळला असेल, तर अपिलातही तीच अडचण येते. एखादी ट्रस्ट किंवा तिचे विश्वस्त यांच्यावरचा नेमका आरोप ही वेगळी गोष्ट.

निकाल लागला त्याच दिवशी वकिलाला दोनच गोष्टी विचारा : नकलेचा अर्ज केला का, आणि शेवटची तारीख कोणती?