जनरेटर घराच्या वायरिंगला जोडताना

ज्या बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक वीज केंद्र आहे, त्याच जिल्ह्यातील गावांनी २००० नंतरच्या दशकात तासन्‌तास भारनियमन सोसले. शेतवस्तीवर लहान जनरेटर दिसू लागले ते त्याच काळात. वादळात खांब कोसळला किंवा डीपी जळाली, की ते आजही बाहेर काढले जातात. मात्र तो घराच्या वायरिंगला कसा जोडावा, याचा विचार क्वचितच होतो.

दोन्ही टोकांना पिन टॉप लावलेली वायर घेऊन एक टोक जनरेटरमध्ये व दुसरे घरातील सॉकेटमध्ये खुपसणे, ही सर्वांत घातक पद्धत होय. एक टोक सॉकेटमध्ये असताना दुसऱ्याच्या उघड्या पिनांत वीज खेळत असते. शिवाय मेन स्विच बंद करण्याचे राहून गेले, तर हीच वीज मीटरमधून उलट खांबावर जाते. डीपी ११ हजार व्होल्टचा दाब घरगुती दाबावर आणते. उलट दिशेने २३० व्होल्ट मिळाले, तर तीच डीपी पलीकडच्या तारांत हजारो व्होल्ट निर्माण करू शकते.

‘गावाचा भार येताच जनरेटर आपोआप बंद पडेल’ हा युक्तिवाद फसवा आहे. तार घराजवळच तुटली असेल, तर तिच्यावर भार फारसा नसतो व जनरेटर सुखेनैव चालू राहतो. महावितरणचा वायरमन दुरुस्तीसाठी येतो तोही नेमका त्याच ठिकाणी.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. एका बाजूस मीटरकडून आलेला पुरवठा, दुसऱ्या बाजूस जनरेटर आणि मधे घराचे वायरिंग. दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणे त्यात शक्यच नसते. सिंगल फेजसाठी तो दोन पोलचा, थ्री फेजसाठी चार पोलचा हवा, कारण फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. केवळ फेज तोडून दोनशे-चारशे रुपये वाचविण्यात शहाणपण नाही. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

अर्थिंगचा प्रश्न थोडा नाजूक आहे. अनेक लहान जनरेटरमध्ये दोन्ही तारा सांगाड्यापासून अलग असतात. त्यांपैकी एक न्यूट्रल म्हणून अर्थिंगला जोडलेली नसेल, तर घरातील ईएलसीबी धक्क्याच्या वेळी ट्रिप होईलच असे नाही. ही जोडणीही ठेकेदाराकडून तपासून घ्यावी. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावे.

दोन केव्हीएच्या जनरेटरमधून जेमतेम साडेआठ अँपिअर मिळतात. दिवे, पंखे, टीव्ही त्यावर चालतील. पण मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, हे ध्यानात ठेवावे. जनरेटर पत्र्याच्या बंद खोलीत ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आधी चेंजओव्हर मधल्या बंद स्थितीत आणावा, जनरेटर सुरू करून मिनिटभर स्थिर होऊ द्यावा व मगच घराचा भार त्यावर घ्यावा. वीज परतल्यावर हाच क्रम उलटा.